आपोआप फिरणारं चाक

३ एप्रिल, सकाळी ७.१०

आठवीत असताना आमचे विज्ञानाचे सर भर वर्गात म्हणाले होते, तू आयुष्यात काहीतरी करून दाखवशील, फक्त ते माझ्या तासाला करू नकोस. वर्ग हसला. हसण्याच्या नादात वाक्याचा पहिला भाग कोणी नीट ऐकलाच नाही. मी ऐकला. एकतीस वर्षं जपून ठेवलाय. आता त्याची वेळ आली.

निमित्त विजेचं बिल. काल आलं. हिने ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि काही बोलली नाही. ही बोलत नाही तेव्हा घरात जास्त आवाज असतो. मग म्हणाली, अहो, गीझर लावून पेपर वाचत बसता, तो तासभर उकळत राहतो, तेवढा बंद करत जा. बस, एवढंच. हिला समोरचं बटण दिसतं, त्यामागचा प्रश्न दिसत नाही. प्रश्न मुळात वीज विकत घ्यायचीच कशाला, हा आहे.

परवाच एक व्हिडिओ पाहिला. एक माणूस (फक्त हात दिसतात, पण हातांत आत्मविश्वास होता) चाकाला चुंबकं चिकटवतो, भोवती आणखी चुंबकं लावतो, एक टिचकी मारतो आणि चाक फिरतच राहतं. चाकाला मोटर, मोटरला बल्ब. बल्ब लागतो! ना इंधन, ना मीटर. सोळा लाख लोकांनी पाहिलाय. सोळा लाख लोक एकदम मूर्ख नसतात.

संकल्प: एका महिन्यात घर विजेपुरतं स्वावलंबी. १० मेला मीटर रीडिंगवाला येईल तेव्हा त्याला चहा पाजायचा आणि त्याचा चेहरा बघायचा.

४ एप्रिल

नवी वही केली. रोज सकाळी सातला मीटर वाचून खप लिहिणार. शास्त्रात नोंद महत्त्वाची. कालचा खप: ९ युनिट.

गीझर बंद करायला विसरलो. यंत्राचा विचार करत होतो, म्हणजे तो खर्च यंत्राच्या खात्यावर.

६ एप्रिल

जागेचा प्रश्न. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी हिची शिलाई मशीन. उजेड तिथेच चांगला. मशीन जरा आत सरकवावी असं मी सुचवलं. ही म्हणाली, साठ गणवेशांची ऑर्डर आहे, पंधरा मेला द्यायचीये, पहिल्यांदाच मधला दुकानदार नाही, शाळेने थेट मला दिलीये, हे वेळेवर झालं तर दरवर्षीचं काम, नाही झालं तर पुन्हा त्या दुकानदाराच्या दारात उभी राहीन, तेव्हा खिडकी माझी. सगळं एका दमात, मान वर न करता.

मी म्हटलं, बरं. मोठ्या कामात छोट्या माघारी घ्याव्या लागतात. प्रयोगशाळा जेवणाच्या टेबलावर, जेवण जमिनीवर.

९ एप्रिल

भंगारवाल्याकडून फुटक्या स्पीकरमधली चुंबकं आणली. चोवीस. चाक मुलीच्या सायकलचं, पुढचं. तिला विचारलं होतं. ती नको म्हणाली होती, पण तिच्या नको म्हणण्यात जोर नव्हता.

१० एप्रिल, दुपार, ऑफिसात

पार्सलच्या काउंटरवरून लिहितोय. आठ चुंबकं पँटच्या खिशांत राहून गेली, चार उजव्या, चार डाव्या. सकाळपासून गुडघे एकमेकांकडे ओढ घेत होते. अकराच्या सुमारास एक गठ्ठा वजनकाट्यावर ठेवायला वाकलो आणि मांडीने काट्याच्या पत्र्याला चिकटलो. काट्यावर आकडा पळायला लागला. साहेब आतून आले. म्हणाले, स्वतःचंच पार्सल करताय का, मग पत्ता तेवढा नीट लिहा, परत यायला नको. सगळे हसले. मीही हसलो. हसणाऱ्यांत सामील झालं की आपलं हसं होत नाही.

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत खिशावर अकरा टाचण्या, एक पेपर क्लिप आणि कोणाची तरी किल्ली. शक्ती आहे चुंबकांत, यात शंका नाही.

१३ एप्रिल

चाक उभं केलं. टिचकी मारली. फिरलं! पाऊण फेरा. थांबलं. पुन्हा टिचकी. पाऊण. जिथे थांबतं तिथे थोडं पुढे, थोडं मागे डुलत राहतं, जणू विचार करतंय.

मुलगी अकरावीला आहे, सायन्सला. म्हणाली, बाबा, ऊर्जा फुकट मिळत नाही, आम्हाला पहिल्याच धड्यात आहे. मी म्हटलं, पहिल्या धड्यात असतं ते नवशिक्यांसाठी, पुढचे वाच. ती म्हणाली, पुढेही तेच आहे, फक्त गणितं घालून.

शाळांनी मुलांची कल्पनाशक्ती मारून टाकलीये.

१७ एप्रिल, सायंकाळी ६.२०

यश!! सलग अकरा मिनिटं. मोजली. हिला हाक मारली, ती तोंडात टाचण्या धरून आली. चाकाकडे पाहिलं, मग वर पाहिलं, मग भिंतीपाशी जाऊन पंखा बंद केला. चाक थांबलं. टाचण्यांमुळे तिला बोलता आलं नाही, हे एक बरं झालं.

निष्कर्ष: चाकाला थोडी हवा मानवते. यात कमीपणा काही नाही, माणसालाही मानवते.

२० एप्रिल

चाकाचं मागून बघू. आता वीज तयार करणारा भाग. कूलरची मोटर काढली. एप्रिलमध्ये कूलर काढतं का कोणी, असं ही म्हणाली. मी म्हटलं, दोन दिवस. मोटर चाकाला जोडली, हाताने गरगर फिरवली, बल्बकडे बघत राहिलो. बल्ब माझ्याकडे.

२३ एप्रिल

वॉशिंग मशीनची मोटर काढली. फारच जड. चाक जागचं हलेना.

पण एक विलक्षण गोष्ट. खप ७ युनिटवर आलाय! यंत्र अजून पूर्णही नाही आणि परिणाम सुरू. हिला वही दाखवली. ही बादलीत चादर पिळत होती. म्हणाली, कूलर नाही, कपडे मी हाताने धुतेय, पोरगी डोक्यावर ओला नॅपकिन ठेवून अभ्यास करतेय, वीज कुठून जळेल? मग चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी ते धरलं. पण तेवढ्यात एक कल्पना सुचली म्हणून सोडावं लागलं. चादर जमिनीवर पडली. पुन्हा धुतली तिने.

कल्पना नंतर आठवेना.

२५ एप्रिल

अस्वस्थ. ऑफिसात दोन पार्सलं उलट्या गावांना गेली. साहेब म्हणाले, तुमचं शरीर काउंटरवर असतं, बाकीचं कुठे बुक केलंय? मोठी माणसं आधी अशीच दिसतात, बावळट.

संध्याकाळी मोटर वाइंडिंगवाल्याकडे गेलो. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, तांब्याच्या तारांची वेटोळी आणि मधोमध तो. त्याला सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, साहेब, तुम्ही बैलाचं दूध काढताय. ह्या मोटरा वीज खातात, देत नाहीत. त्यातल्या त्यात हलकी म्हणाल तर शिलाई मशीनची असते, बोटाने फिरते, पण दूध तीही देणार नाही.

त्यातलं हलकी असते, बोटाने फिरते, एवढं महत्त्वाचं. बाकी त्याचं व्यवसायामुळे झालेलं मत.

२६ एप्रिल

नाही. हिची मोटर नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

२७ एप्रिल

तत्त्वाचा पुनर्विचार. अर्ध्या तासासाठी घेतलेल्या वस्तूला घेतलेली म्हणत नाहीत.

२८ एप्रिल, सकाळी ११.००

आज रजा. ही शाळेत नमुना दाखवायला गेलीये. दीडला येईल. मोटर फक्त दोन स्क्रूंवर आहे. ती यायच्या आत परत बसवीन.

११.२५: निघाली. सुबक आहे.

१२.०५: चाकाला जोडली. बल्ब नाही.

१२.२०: अशा मोटरमधलं चुंबकत्व झोपलेलं असतं, थोडी वीज पाजून जागं करावं लागतं, असं व्हिडिओखाली एका गृहस्थाने लिहिलंय. गृहस्थ अनुभवी वाटतात. त्यांच्या नावापुढे तीन अंक आहेत.

१२.३१: पाजली.

१२.३२: वास.

१.१०: ही लवकर आली.

२८ एप्रिल, संध्याकाळ

ओरडली नाही. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं, उत्तरं तयार होती. ती खुर्चीवर बसली, मशीनचा सुटा पट्टा हातात घेऊन. मग विचारलं, किती शिवून झालेत, माहीत आहे? मला माहीत नव्हतं. बावीस.

ही मोटर तिने गेल्या वर्षी घेतली. गुडघे पायडलला थकले म्हणून. वर्षभर लोकांचे पडदे शिवत होती त्यासाठी. पायडलचं लोखंडी स्टँड मग मीच भंगारात दिलं, जागा होईल म्हणून. झालीही होती जागा.

हे सगळं इथे लिहायचं कारण काही नाही. नोंद असावी.

२९ एप्रिल

वाइंडिंगवाल्याने मोटर उघडली आणि मान हलवली. म्हणाला, पुढून चाक अडवून धरलंत आणि मागून वीज सोडलीत. ती बिचारी जोर लावत राहिली. मग जळणारच की. बिचारी हा शब्द त्याने मोटरला वापरला.

पुढे पंखे-कूलरची रांग आहे, वीस दिवस लागतील. नवी? ह्या जुन्या मशीनला बसेल अशी मोटर आता बाजारात येत नाही. मागवून आणायची तर महिना.

ऑर्डर पंधराला आहे, मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, हे काल अकराला आठवायला हवं होतं.

३० एप्रिल

ही भावाकडे गेली. तीन बसथांबे पलीकडे. तिथे तिच्या आईची जुनी मशीन आहे, अजून चालते म्हणे. बरोबर अडतीस गणवेशांचं कापड दोन गाठोड्यांत, कात्री, मापाची टेप, इस्त्री आणि मुलगी. मेहुणा रिक्षा घेऊन आला होता. गाठोडं उचलता उचलता म्हणाला, दाजी, चुंबकाने माणसं जवळ येतात असं ऐकलं होतं. मी म्हटलं, एका टोकाने जवळ येतात, दुसऱ्या टोकाने लांब ढकलली जातात, शास्त्रच आहे ते. कोणी हसलं नाही. म्हणून झाल्यावर मला वाटलं, नसतं म्हटलं तर चाललं असतं.

रिक्षात बसताना हिने एवढंच सांगितलं की दूध उतू जाईल, बघा. दूध आधीच उतू गेलं होतं.

जमेची बाजू: खिडकीची जागा मोकळी. प्रोजेक्टला आता वेग.

१ मे

खप २!

एका दिवसात पाच युनिटांची घट! यंत्र कालच खिडकीत हलवलं होतं. जागेचा प्रभाव. पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, ती जागा महत्त्वाची.

३ मे

खप १. बरोबर एक. आलेख काढला. लाल पेनाने. रेघ अशी उतरत आलीये की बघत राहावं. त्याचा फोटो मुलीला पाठवला, आईला दाखव म्हणून. तिचं उत्तर: बाबा, पण यंत्र घराच्या वायरिंगला जोडलंय कुठे? मी लिहिलं, प्रत्येक गोष्ट वायरने जोडलेली नसते, प्रभाव असतो. तिने लिहिलं, बरं.

बरं हा शब्द तिने आईकडून उचललाय.

५ मे

गीझर लावत नाही आता. लावला की आतून बंद करा म्हणून हाक यायची, त्याशिवाय पाणी तापलंय हे कळतच नाही. गार पाण्याने तरतरी येते.

ऑफिसातून येताना ब्रेड आणला. कालही आणला होता. तो तसाच होता.

चाक: टिचकी, पाऊण फेरा, डुलणं. मीही त्याच्यासमोर बसून थोडा वेळ डुललो. मग उठलो. मग पुन्हा बसलो. एका जागी बसवत नाही, फिरवतही नाही.

७ मे, संध्याकाळ

मुलगी पुस्तकं न्यायला आली. मी तिला आलेख दाखवत होतो, ती घर बघत होती. कपात ब्रश ठेवलाय तुम्ही, म्हणाली. एरवी मला अरे-तुरे करते.

मी सहज विचारलं, कसं चाललंय. मी सहज विचारलं हे तिला कळावं म्हणून पुस्तकाकडे बघून विचारलं. ती म्हणाली, आजीची मशीन हाताची आहे, मोटर नाही, पायडल नाही. उजव्या हाताने हँडल फिरवायचं, डाव्या हाताने कापड सरकवायचं. एका हाताने शिवण सरळ येत नाही, आई उसवते आणि पुन्हा घालते. दिवसाला दोन होतात. मामा एकदा फिरवायला बसला होता, त्याने असा वेग लावला की सुई मोडली. आईने त्याला उठवलं, म्हणाली, घरातल्या सगळ्या पुरुषांना एकच रोग कसा रे.

मग सायकलचं चाक कधी देशील, असं विचारून गेली. निदान ‘देशील’ म्हणाली.

तिच्या मागे हिशेब मांडला. आज बावीस राहिलेत. पंधरापर्यंत रोज दोन. सहा कमी पडतात. पुन्हा मांडला. सहाच.

लाल पेनाने मांडला म्हणून असेल. निळ्याने मांडला. सहा.

१० मे

अखेर तो दिवस. मीटर रीडिंगवाला साडेनऊला आला. चहा तयार ठेवला होता. त्याला म्हटलं, आधी बसा, मग आकडा बघा, मग बोलू. तो बसला. गृहस्थ वयस्कर, पायात कॅनव्हासचे बूट, जिने चढून दम लागलेला. यंत्र दाखवलं. त्याने मान डोलावली. मग माझी वही दिली. म्हटलं, महिन्याचा रोजचा खप आहे, नऊवरून एकावर आणलाय.

तो वही वाचू लागला. चष्मा काढून, एका ओळीवर बोट ठेवून, सावकाश. वहीत आकड्यांशिवाय काही नाही, ही माझी रोजनिशी वेगळी. एका ठिकाणी थांबून म्हणाला, इथे कूलर बंद पडला का? मी म्हटलं, काढला. इथे वॉशिंग मशीन? म्हटलं, हो. मला बरं वाटत होतं, जाणकार भेटला म्हणून. मग बोट तीस तारखेवर आलं. म्हणाला, इथून कोण गेलं घरातून?

मी म्हटलं, म्हणजे?

तो म्हणाला, बावीस वर्षं लोकांचे मीटर वाचतोय, साहेब. पोरगी सासरी गेली तरी कळतं, नवीन बाळ आलं तरी कळतं. इथे इस्त्री थांबली, पंखे थांबले, दिवे थांबले, सगळं एका दिवसात. आणि हा जो रोजचा एक युनिट आहे ना, हा तुमचा फ्रिज. त्यात तुम्हीसुद्धा नाही. तुम्ही दिवा लावत नाही का?

मी म्हटलं, उजेड असतो तोवर बसतो, मग झोपतो.

तो हं म्हणाला. चहा संपवला. कप स्वतः आत नेऊन ठेवला. दारात बूट घालताना म्हणाला, कुलूपबंद घराचं रीडिंग असंच येतं, पण त्या घरांत माणूस बसलेला नसतो. टोमणा नव्हता तो. वाईट वाटून म्हणाला. टोमणा असता तर परतवला असता.

१० मे, दुपार

यंत्र सोडवलं. चुंबकं एकमेकांना इतकी चिकटलीत की वेगळी करताना बोट सापडलं. सायकलला चाक बसवलं. ते लगेच बसलं. फिरलंही.

खिडकीपाशी नुसती खुर्ची उरली. तिच्यात बसून पाहिलं. इथून समोर काहीच दिसत नाही, भिंत आहे. ही इतकी वर्षं उजेडासाठी बसत होती, बघण्यासाठी नाही. मला वाटायचं, हिला खिडकी आवडते.

११ मे, सकाळी ९.४०

मेहुण्याच्या घराखाली, जिन्यात बसून लिहितोय. चार दिवसांची रजा टाकली. साहेब म्हणाले, तुम्ही एरवीही रजेवरच असता, पण अर्ज दिलात, आभार.

सायकल खाली लावलीये. मोटर आणलेली नाही, ती वाइंडिंगवाल्याकडे रांगेत नववी आहे. काल तिथे तासभर उभा राहून पाहिलं, तासाने रांगेत काही बदल होत नाही.

वरून मशीनचा आवाज येतोय. चार-पाच फेरे, थांबलं. पुन्हा चार-पाच. थांबलं. थांबतं तेव्हा ती डाव्या हाताने कापड सरळ करत असणार. मग उसवत असणार. सोळा राहिले असतील, फार तर.

तिचे दोन्ही हात मोकळे झाले तर दिवसाला चार होतील. हिशेब दोनदा मांडलाय, निळ्या पेनाने. मला वेग आवरत नाही हे तिला माहीत आहे. एका जागी दहा मिनिटं बसत नाही हेही. मध्येच काहीतरी सुचेल आणि हात सुटेल, चादरीसारखा, हेही ती म्हणेल. काल संध्याकाळी मिक्सरच्या भांड्याचं झाकण धरून एका लयीत फिरवायचा सराव केला. वीस मिनिटं. अठरा धरा. मध्ये एकदा खिडकीकडे पाहिलं.

भाषण तयार केलं होतं, तीन मुद्दे. ते जिन्यात येईपर्यंत गळून गेलं. ती नाही म्हणणार. भावाला उठवलं, मला का बसू देईल, आणि मी तिच्या जागी असतो तर दारही उघडलं नसतं. तरी आत जाऊन एवढंच विचारणार आहे:

अगं, हँडल मी फिरवू का? तू फिरव म्हणशील तेव्हा फिरवीन, थांब म्हणालीस की थांबेन.